जादा दोन पोती

“ही ओळ कुणी घातली?”

चंद्रभानने हे विचारलं तेव्हा दगडावरचं कापड नुकतंच ओढलं होतं आणि टाळ्या अजून चालूच होत्या. पेडगावच्या माळावर, पूर्वी कपाशीवर पावडर मारणारं विमान जिथं उतरायचं तिथं, कापूस संघाने छातीएवढा काळा दगड उभा केला होता. समोर मांडव, खुर्च्या, हारांची परात. चंद्रभान मांडवाबाहेर उन्हात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यामुळे ओठ हलवत त्याने एकेक ओळ वाचली होती.

कॅप्टन फ्रान्सिस मेनेझिस
कपाशीवर औषध मारताना
हमालाने जादा दोन पोती भरल्यामुळे
विमान कोसळून येथे मरण पावले
१२ सप्टेंबर १९७०

“मी इचारलं, मधली ओळ कुणी घातली?”

टाळ्या थांबल्या. संघाचे चेअरमन बन्सीधरराव खुर्चीतून न उठता म्हणाले, “चंद्रभान, पाव्हणे बसलेत. गप ऱ्हा.”

“हमाल मनजी कोन?”

“तुझं नाव लिवलंय का त्यात?”

“ह्या माळावर हमाल एकच व्हता. सगळ्या गावाला ठावं हाय.”

“चौकशी झालती, चंद्रभान. रिपोर्ट झालता. पंधरा वर्षं झाली त्याला. तुझ्याकडं दुसरा काही कागद असंल तर आन. दगड बदलू आपण.” बन्सीधररावांनी पाहुण्यांकडे बघून हात पसरले. “न्हाई तर सरक तिकडं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “दोनपोत्या तापला बगा.” मांडव हसला. पंधरा वर्षं गावात त्याला हेच नाव होतं. चंद्रभानच्या हातात त्या वेळी दगड असता तर त्याने तो मारला असता. नव्हता, म्हणून तो चालत निघाला आणि परभणीपर्यंत चालतच गेला. एस.टी.च्या गर्दीत कुणाशी बोलावं लागलं असतं, ते त्याला नको होतं.

विमान पडलं त्या वर्षी चंद्रभान चोवीस वर्षांचा होता. घरचं रान चार एकर, त्यात तीन भाऊ. बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा संघाने भाड्याने विमान आणलं. एकावर एक दोन पंखांचं, कापड चढवलेलं, जुनं टायगर मॉथ. मुळात ते वैमानिकांना शिकवण्यासाठीचं. पुढे एक सीट, मागे एक सीट. औषध मारण्यासाठी कुणीतरी पुढचं सीट काढून तिथं पत्र्याची पेटी बसवली होती. चंद्रभान खालच्या पंखावर उभा राहून त्या पेटीत पावडरीची पोती रिकामी करायचा. पंचवीस किलोचं एक पोतं. सहा पोती गेली की पेटी काठोकाठ भरायची. मग झाकण दाबून दोन्ही कड्या लावायच्या, भरलं म्हणून पंखावर थाप मारायची आणि खाली उडी टाकायची. नाका-डोळ्यांत पावडर जायची, रात्रभर खोकला यायचा, पण विमानाला हात लावणारा तालुक्यात तो एकटाच होता.

बारा सप्टेंबरला सकाळी कॅप्टनने दोनदा इंजिन चालू केलं आणि दोनदा बंद केलं. तेव्हा बन्सीधरराव संघाचे मॅनेजर होते. कॅप्टन त्यांना म्हणाला, “इंजन मिस मार रहा है. आज नहीं जाऊंगा.” बन्सीधरराव म्हणाले, “दोन दिवसांनी भाड्याची मुदत संपते. अळी थांबती का तुमच्यासाठी? निदान एक फेरी तरी मारा.” चंद्रभान पाच हातांवर उभा होता. त्याने सहा पोती भरली, कड्या लावल्या, थाप मारली. विमान उडालं, बाभळींच्या वर गेलं आणि तिथंच त्याचा आवाज बंद पडला.

चौकशीला दोन साहेब आले. बन्सीधररावांच्या घरी जेवले, माळावर एक चक्कर मारली आणि गेले. चंद्रभान दोन दिवस झाडाखाली बसून होता. त्याला कुणी हाक मारली नाही. महिन्याभराने गावात कळलं की हमालाने दोन पोती जास्त भरली असं रिपोर्टात आलंय. विमानाचा सांगाडा पेटीसकट तोवर भंगारात गेला होता.

त्यानंतर त्याला सालाने कुणी ठेवेना. सहा हंगाम तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. तिथंही बैलगाडीवर मोळ्या चढवताना कुणीतरी म्हणायचंच, “दोन जादा टाकू नको रे, बैल मरतेल.” शेवटी तो परभणीला आरा मशीनवर लागला आणि तिथं दारं-खिडक्या करायला शिकला. हात चांगला बसला. पण त्याची जीभ तिखट झाली ती झालीच.

दगड बघून आलेल्या दिवशी त्याची बायको पंचफुला म्हणाली, “फोडून टाका की तो धोंडा. मी येते संगं.”

“फोडला तर लोक मनतेल, खरं व्हतं मनून फोडला.” चंद्रभान भाकरीला हात लावत नव्हता. “त्यानं कागद मागितलाय. कागदच घालतो त्याच्या तोंडावर.”

कागद कुठं होता? संघाच्या हपिसात तो गेला तेव्हा क्लार्कने सांगितलं, जुनी फाईल अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत जळाली. बाहेर आल्यावर तिथला शिपाई लिंबाजी त्याच्यामागे पायरीपर्यंत आला. “खोटं हाय बाबा ते,” तो हळूच म्हणाला. “दंगलीत जळली ती गोरगरिबांची घरं. आमच्या वस्तीवर भांडं ऱ्हायलं नव्हतं. ह्या हपिसाला काडी बी लागली न्हाई. फाईल चेअरमनच्या घरी हाय. ती काही तुला दिसायची न्हाई.”

चंद्रभानला येलदरीच्या धरणावरचे रंगनाथराव आठवले. वसाहतीच्या क्वार्टरांची दारं त्याने केली होती, तेव्हा त्यांची ओळख झाली. रंगनाथराव नकाशे काढायचे. शांत माणूस, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पेटी केवढी होती?”

“माझ्या कोपरापसून बोटापर्यंत रुंद. अन् खोल इतकी,” चंद्रभानने मांडीवर हात ठेवून दाखवलं.

“तुझं कोपर संघाची कमिटी मानणार नाही. पेटी विमानाच्या सांगाड्यात बसवली होती ना? सांगाड्याच्या नळ्यांमधे जेवढी जागा, त्याहून पेटी मोठी असूच शकत नाही. विमानाचं माप मिळालं तर पेटीचं मिळंल. नुसती पेटी केलीस तर म्हणतील, मुद्दाम लहान केली. आख्खं विमान कर. छोटं, पण मापानं.”

“माप कोन देनार?”

“पत्रं लिहू.”

पत्रं लिहिण्यात आठ महिने गेले. रंगनाथराव इंग्रजीत लिहायचे आणि चंद्रभान शेजारी बसून म्हणायचा, “त्यात लिवा की मानूस खोटा पडलाय.” रंगनाथराव ते लिहायचे नाहीत. मुंबईच्या एका दुकानाने कळवलं, घरी जुळवायच्या छोट्या विमानांचे संच आहेत पण सगळे लढाऊ विमानांचे. दिल्लीच्या एका क्लबाकडून उत्तरच आलं नाही. कलकत्त्याच्या म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र दोन पानं लिहिली. टायगर मॉथचा एक विलायती संच त्याच्याकडे पडून होता, हलक्या लाकडाचा, प्रत्येक माप मूळच्या आठव्या हिश्शाचं, सोबत नकाशा. पण तो दोन सीटच्या मूळ विमानाचा. पेटी बसवलेल्या विमानाचा संच जगात कुणीच काढत नाही, असं त्याने लिहिलं होतं. अशी विमानं फार थोडी होती. ज्याने जिथं जमेल तिथं ती बदलून घेतली. त्याचे नकाशे मिळाले तर ते बदलणाऱ्यांकडेच मिळतील.

“मनजी मेलेल्याकडं,” चंद्रभान म्हणाला. “कॅप्टन सांगायचा, पेटी बसवताना तो स्वतः शेडमधे व्हता.”

संच पार्सलने आला. खोक्यात नुसत्या पातळ फळ्या, त्यांवर छापलेले आकार, बारीक तारा, पंखांवर चिकटवायचा पातळ कागद आणि चारपदरी घडीचा मोठा नकाशा. चंद्रभानने तो आरा मशीनच्या टेबलावर पसरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली वस्तू कागदावर कुणीतरी बारीक रेघांत काढून ठेवली होती. पंखावर त्याचे पाय जिथं असायचे ती जागासुद्धा त्यात होती. नकाशात पुढच्या सीटवर एक माणूस बसलेला काढला होता. चंद्रभानने पेन्सिल घेऊन त्याच्यावर फुली मारली.

मशीनचा मालक चहा पीत म्हणाला, “चंद्रभान, बाहुल्या करायलास का आता?”

“व्हय,” चंद्रभान म्हणाला. “तुमची उतरवू का नजर त्यानं?” दुसऱ्या दिवशी त्याने विमान घरी नेलं.

सांगाडा जमला, पंख जमले. पंचफुलाने पंखांवर रेशमी कापड ताणून शिवलं, कारण खोक्यातला पातळ कागद तिच्या हातून फाटला. पण पेटीचं माप नळ्यांमधल्या जागेवरून धरलं तरी तिची खोली कळेना. बन्सीधरराव तिथंच पकडणार. शेवटी लिंबाजीने एक पाकीट आणून दिलं. दगडाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण कॅप्टनच्या बायकोला धाडलं होतं, ते तिने न फोडता परत पाठवलं होतं. पत्ता सिकंदराबादचा.

चंद्रभान रेल्वेने गेला. चर्चच्या मागे दोन खोल्यांचं घर. दार उघडलेली बाई पन्नाशीची, शाळामास्तरीण, हातात लाल शाईचं पेन. त्याने नाव सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं. मग त्याने सांगितलं, “मैं पेडगाव में पावडर भरता था.”

तिचा चेहरा दगडासारखा झाला. “तुम? तुम मेरे घर को आए?”

“हां.”

“पंद्रा साल मैं सोचती रही, वो आदमी कैसा होगा. गिनती नहीं आती थी तुमको? छे के ऊपर दो! एक आदमी की जान पे!”

चंद्रभान माफी मागायला आला नव्हता. तो दारातच ओरडला, “छेच भरी थी मैंने! आपको किसने बताया? बन्सीधर ने बताया! मेरे को किसी ने पूछाच नहीं! आप बी नहीं पूछे!”

शेजारची दारं उघडली. बाईने दार पूर्ण उघडलं आणि ती म्हणाली, “अंदर आओ. रस्ते पे मत चिल्लाओ.”

आत त्याने सांगितलं. इंजिनाचं सांगितलं, बन्सीधररावांचं सांगितलं, पंखावरच्या थापेचं सांगितलं. ती उठली आणि कपाटातून कॅप्टनची वही घेऊन आली. तिच्यात निळ्या शाईने काढलेला पेटीचा नकाशा होता. चारी बाजूंची मापं, झाकण, कड्या. खाली इंग्रजीत दोन ओळी. तिने त्या बोटाने दाखवल्या. “लिखा है, छे बोरी. इससे ज्यादा जाती नहीं, ढक्कन लगता नहीं.” मग तिने आणखी एक पान उलटलं. अकरा सप्टेंबर. तिथं एवढंच होतं की इंजिन ठोके चुकवतंय, मॅनेजरला सांगितलं.

“ये मैं पढ़ी थी,” ती म्हणाली. “कई बार पढ़ी. फिर भी रिपोर्ट को सच मानी. सरकारी कागज था ना.”

तिला रडू आलं नाही. तिने वही कागदात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. चंद्रभान म्हणाला, “काम हुआ के विमान आपको भेजता. मेरे को नहीं चाहिए वो.”

संघाच्या कमिटीपुढे तो विमान घेऊन गेला तेव्हा एप्रिल चालू होता. रंगनाथराव रजा काढून आले होते. टेबलावर ते साडेतीन फुटी पंखांचं विमान ठेवल्यावर नऊच्या नऊ सभासद उभे राहिले. कुणीतरी “वा!” म्हणालं. चंद्रभानने त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली बसला.

रंगनाथरावांनी वहीतलं माप आणि विमानातली पेटी दाखवली, फूटपट्टी टेबलावर ठेवली. चंद्रभानने खिशातून आठ पिशव्या काढल्या. पावडरीचं पोतं अजून बाजारात त्याच आकाराचं मिळत होतं. ते मोजून, लांबी-रुंदी-जाडीचा आठवा हिस्सा धरून पंचफुलाने त्या शिवल्या होत्या. आत चाळलेली राख.

“तुझीच पेटी, तुझीच राख,” बन्सीधरराव म्हणाले. “आमी काय बगायचं?”

“मी हात लावत न्हाई. तुमी भरा.”

बन्सीधरराव जागचे हलले नाहीत. कमिटीतले सगळ्यांत म्हातारे वैजीनाथराव उठले. त्यांनी चष्मा पुसला, फूटपट्टीने पेटी स्वतः मोजली, वहीतल्या आकड्यांना आठाने भागून बघितलं आणि पिशव्या ओतायला घेतल्या. एक, दोन, तीन. सहावी ओतल्यावर त्यांनी अंगठ्याने झाकण दाबलं. कड्या लागल्या. मग त्यांनी झाकण परत उघडून सातवी ओतली. राख टेबलावर सांडली. झाकण दोन बोटं वरच राहिलं. आठवी पिशवी त्यांच्या हातातच होती.

“बन्सीधर,” वैजीनाथराव म्हणाले, “सातवंच जायना. आठवं कुठून भरलं यानं?”

रंगनाथरावांनी अकरा सप्टेंबरचं पान वाचून मराठीत सांगितलं. बन्सीधररावांनी घड्याळाकडे बघितलं. “बरं. विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. ठराव करावा लागतो. असं एकदम होत नसतं.”

पुढची मीटिंग माणसं भरली नाहीत म्हणून झाली नाही. त्याच्या पुढची नामांतराच्या मोर्च्याने एस.टी. बंद होत्या म्हणून झाली नाही. तिसऱ्या वेळी मीटिंग झाल्याचं चंद्रभानला नंतर कळलं, लिंबाजी पत्र घेऊन आला तेव्हा. तोवर विमान रंगनाथरावांबरोबर सिकंदराबादला गेलं होतं. पत्र पंचफुलापुढे चंद्रभाननेच मोठ्याने वाचलं. दगड ही संस्थेची मालमत्ता असल्याने त्यावरील मजकुरात बदल करता येत नाही. तथापि श्री. चंद्रभान यांनी तयार केलेली विमानाची सुबक प्रतिकृती संस्थेच्या कार्यालयात शोभेसाठी ठेवावी, व त्याबद्दल त्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करावा, असे सर्वानुमते ठरले.

“सर्वानुमते,” तो पुन्हा म्हणाला. “वैजीनाथराव बी.”

लिंबाजीने मान खाली घातली. “त्याच्या पोराला संघात चिकटवलंय बाबा.”

चंद्रभानने पत्राची घडी घातली आणि लिंबाजीच्या खिशात परत ठेवली. “सांग तुझ्या चेअरमनला, शाल त्याच्याच अंगावर टाक मनावं. त्याला लागल ती.”

“अन् मी काय सांगू? मलाच हाकलतेल.”

“मग नको सांगू. मीच सांगतो.”

पंचफुला चुलीपासून उठली होती. ती भडकली की तिचा आवाज उलट खाली जायचा. “आता कागद बी झाला, माप बी झालं,” ती म्हणाली. “आता काय ऱ्हायलं?”

“हात ऱ्हायले,” चंद्रभान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो रेल्वे फाटकाजवळ बसणाऱ्या पाथरवटाकडे गेला. काळ्या दगडावरची अक्षरं कशी काढायची, छिन्नी किती तिरपी धरायची, हे त्याने जात्याच्या एका टाकाऊ तळीवर तीन दिवस शिकून घेतलं. लाकडावरचा हात दगडावर चालत नाही. बोटं फुटली. चौथ्या दिवशी पाथरवटाने आपली छिन्नी आणि हातोडी त्याला काढून दिली आणि कशासाठी ते विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दहाला तो माळावर पोचला. भरदिवसा, पेडगावचा रस्ता वाहता असताना. पंचफुला बरोबर होती. तिने दगडापुढे वाळलेल्या हारांचा चोथा पडला होता तो गोळा करून लांब टाकला आणि पाण्याने दगड धुतला. चंद्रभानने मधल्या ओळीच्या वर आणि खाली खडूने रेघ मारली, कॅप्टनच्या नावाला धक्का लागू नये म्हणून.

पहिलं अक्षर निघायला बराच वेळ लागला. रानातून माणसं बघायला आली. कुणी म्हणालं, “चंद्रभान, काय करायलास?” तो ठोकत राहिला. दोनपोत्या म्हणून कुणी हाक मारली नाही, पण थांबवायलाही कुणी आलं नाही. ‘हमालाने’ गेलं. ‘जादा’ गेलं. बाराच्या सुमाराला बन्सीधररावांची जीप रस्त्यावर थांबली, काच खाली आली, परत वर गेली आणि जीप परभणीकडे सुटली.

“आता पोलीस येतेल,” पंचफुला म्हणाली.

“येऊ दे.” तो घामाने डोळे मिटत, उघडत ठोकत होता. “इतकी वर्षं कुणी इचारायला आलं न्हाई. आता तरी येतेल.”

‘दोन’ गेलं. ‘पोती’ गेलं. जिथं अक्षरं होती तिथं करड्या रंगाचा खडबडीत पट्टा उमटत गेला. ‘भरल्या’पर्यंत आला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. जमादार सायकलवर आला. पोटावरचा पट्टा नीट करत तो दगडाजवळ उभा राहिला आणि बाजूच्या माणसांकडे बघून मोठ्याने म्हणाला, “कोन हाय रे तो? ठिव ती हातोडी खाली.”

चंद्रभानने हातोडी खाली ठेवली नाही, पण थांबला. बोटांवर रक्त सुकलेलं, भुवया दगडाच्या भुकटीने पांढऱ्या झालेल्या.

“मी चंद्रभान. येतो मी चौकीवर. पळून जात न्हाई.”

“मग चल.”

“थोडं ऱ्हायलंय.”

“किती?”

“‘मुळे’ ऱ्हायलंय. दोनच अक्षरं हायती.”

जमादाराने वाकून दगड वाचला. वरच्या ओळी वाचल्या, मधला खरवडलेला पट्टा बघितला, खालच्या ओळी वाचल्या. मग शेवटी उरलेल्या त्या दोन अक्षरांवरून त्याने एकदा बोट फिरवलं. त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं, सायकल लिंबाच्या झाडाला टेकवली आणि सावलीला जाऊन बसला.

“आटप,” तो म्हणाला.

पंचफुलाने त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. चंद्रभानने छिन्नी ‘मु’वर टेकवली.